तिसऱ्या पायरीची खाच

लहान उद्योग कसा वाढतो, हे मी निवृत्त होईपर्यंत वाणिज्य शाखेच्या मुलांना शिकवलं. पाच पायऱ्यांचा सिद्धांत माझ्या विशेष आवडीचा: जन्म, तग, स्थैर्य, झेप, परिपक्वता. एका मोठ्या पुठ्ठ्यावर मी त्याची वक्ररेषा काढली होती. आधी सपाट, मग चढत जाणारी, शेवटी पुन्हा सपाट. तिसऱ्या पायरीशी मी जरा थांबायचो. मालक बाजूला झाला तरी धंदा चालतो का, हे इथं कळतं, असं मुलांना सांगायचो.

घरी पुढच्या खोलीत माझी पत्नी शाळेची दप्तरं शिवायची. मदतीला दोघी जणी. मी तिला म्हणायचो, "तू अजून दुसऱ्याच पायरीवर."

"चढून गुडघे दुखतात," ती म्हणायची. "जेवायला चला."

दिवाळीनंतर थोड्याशा आजारपणात ती गेली. दोघी जणी येत राहिल्या. मशीनचा आवाज माझ्या वाचायच्या खोलीत यायचा आणि मी दार लोटून घ्यायचो. धंदा म्हणजे तीच होती. ती नाही तर तो बंदच व्हायला हवा, असं मला वाटत होतं. उन्हं तापू लागली तेव्हा एकदा, हे सांगायचं वाक्य मनात जुळवून, मी त्या खोलीत गेलो.

दोघींपैकी वयानं मोठी, देवगाव रंगारीची बाई जमिनीवर कापड पसरून बसली होती. एका कळकट पुठ्ठ्याच्या कडेनं ती खडू फिरवत होती.

"तिसरीवर खूण कर गं," ती दुसरीला म्हणाली, "नायतर बक्कल तिरकं बसतंय."

"तिसरी म्हणजे?" मी विचारलं.

"तिसरी पायरी. तुम्हीच लिव्हलीय की, सर."

मी पुठ्ठा हातात घेतला. माझीच वक्ररेषा. पत्नीनं ती बरोबर रेषेवरून कापली होती. एकदा सुलटी, एकदा उलटी ठेवली की दप्तराचं झाकण तयार. 'स्थैर्य' या शब्दाशी कात्रीनं बारीक खाच पाडलेली. हा पुठ्ठा कॉलेजात हरवला म्हणून मी शिपायावर केवढा चिडलो होतो!

"ताई म्हणल्या व्हत्या, सरांना सांगायचं नाय. लई बोलतील."

मला हसू आलं. बऱ्याच महिन्यांनी. जुळवलेलं वाक्य राहूनच गेलं. मी विचारलं, "तिच्याशिवाय जमेल तुम्हाला?"

"आता दिवाळीपासून कोण शिवतंय मग? दोनदा माल गेला, सर. तुमी वाचीत बसला व्हता."

दुसरी तोंडावर पदर धरून हसली.

"शाळा उघडायच्या आत आणखी दप्तरं द्यायचीत," मोठी म्हणाली. "ह्यो पुठ्ठा मऊ पडलाय. नवा काढून द्या. पण सुधारणा करू नका. हाय तसाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलमंडीतून जाड पुठ्ठा आणला. जुना त्यावर ठेवून सावकाश पेन्सिल फिरवली. तिची कात्री जिथं रेषा सोडून किंचित आत गेली होती, तिथं मीही आत गेलो. पाचही नावं लिहिली. तिसऱ्या पायरीची खाच मात्र मला जमेना. मोठीनं माझ्या हातातून कात्री घेतली, पुठ्ठा डोळ्यांजवळ धरला आणि एका फटक्यात ती पाडली.