बेचाळीस लाख मार्क

मला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली तेव्हा मानपाड्याच्या नाक्यावर माझा बॅनर लागलेला. ‘भावी इंजिनिअर’. मधे मी, बाजूला काका, मामा, सगळे चुलतभाऊ. काकांचा फोटो माझ्यापेक्षा मोठा, कारण बॅनर त्यांनी लावलेला. घराण्यातला पहिलाच इंजिनिअर होणार होतो. दहावीपर्यंत शाळेने मला पुढे ढकललं, मी स्वतःहून पुढे गेलो असा एकही वर्ग नाही. पण हे बॅनरवर लिहीत नाहीत.

आमच्या घरात जमिनींचे व्यवहार झाल्यापासून कोणाचा कोणावर विश्वास नाही. पाहुणा ‘सहज आलेलो’ बोलला की आई विचारणार, “सहज म्हंजे कशाला?” मी त्याच घरातला.

पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंग होतं. सबमिशनच्या दिवशी लॅबमध्ये सरांच्या समोर प्रोग्राम चालवून दाखवायचा, उत्तर बरोबर आलं तर सर सही करणार. सही नाही तर परीक्षेला बसायला मिळणार नाही, वर्ष गेलं. वर्ष गेलं की मी घरी, आणि बॅनरचे फोटो अजून सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये.

प्रोग्राम सोपा होता, म्हणजे बाकीच्यांना. पाच विषयांचे मार्क टाकायचे, कॉम्प्युटरने बेरीज करून टोटल दाखवायची. ठाकुर्लीला माझा आतेभाऊ राहतो, त्याच्या लॅपटॉपवर बसून मी केलेला. एकदम बरोबर टोटल आली. तीन वेळा चालवून बघितला, कारण पहिल्या दोन वेळा लॅपटॉपवर माझा विश्वास बसला नाही. आत्याने खूश होऊन पोहे केले.

तोच प्रोग्राम, अक्षर न् अक्षर तोच, कॉलेजच्या लॅबमध्ये टाकला. टोटल आली बेचाळीस लाख आणि वर काहीतरी.

पहिला डाउट मशीनवर गेला. दुसरा लॅब असिस्टंटवर, कारण मी चपला बाहेर काढत नाही म्हणून तो माझ्यावर खार खाऊन होता. पण घरी येता येता रिक्षात माझं नक्की झालं, हे काम पार्टनरचं.

एका मशीनवर दोघं असायचे. माझा पार्टनर नौपाड्याचा. शर्ट इस्त्रीचा, भाषा पुस्तकातली, रागावला तरी ‘अरे असं नको ना करूस’ बोलणारा. त्या दिवशी माझ्याआधी मशीनवर तोच बसलेला. त्याची टोटल बरोबर, माझी बेचाळीस लाख. अजून काय पुरावा पाहिजे?

सबमिशनच्या दिवशी मी लॅब उघडायच्या आधी जाऊन उभा राहिलो. मशीन पकडलं. कीबोर्डवर बॅग ठेवली आणि बॅगेवर हात. पार्टनर आला तसा बोललो, “तू हात लावायचा नाय.”

“अरे पण मशीन दोघांचं आहे.”

“माझं होऊ दे पहिलं.”

“ठीक आहे. तू कर, मी इथे बसतो.”

हा ‘ठीक आहे’ इतक्या लवकर बोलला ना, तिथेच माझा डाउट डबल झाला. सकाळचा चहा जास्त झालेला, तरी मी जागेवरून हललो नाही. पाय घट्ट आवळून प्रोग्राम टाइप केला. चालवला.

बेचाळीस लाख.

माझं डोकं सटकलं. मी उभा राहिलो आणि सगळ्या लॅबसमोर बोललो, “खा आईची शपथ, तू माझ्या मशीनमध्ये काय घालून ठेवलंयस?”

सगळे बघायला लागले. मागून एक मुलगी बोलली, “लिंबू-मिरची घातली असेल.” लॅब हसली. पार्टनर लाल झाला. पण शपथ नाही खाल्ली त्याने. स्क्रीनकडे बघितलं आणि हळूच बोलला, “टोटलला सुरुवातीला शून्य दे.”

“काय?”

“वर, पहिल्या ओळीत. टोटल बरोबर शून्य, असं लिही.”

आता तुम्ही सांगा. ज्याच्यावर मी भर लॅबमध्ये आळ घेतला, तो मला सांगतोय टोटल शून्य कर. सरांसमोर शून्य मार्क दाखवू? एवढा पण मी येडा नव्हतो. म्हणजे होतो, पण ते मला नंतर कळलं. मी बोललो, “तुझं शून्य तुझ्याकडे ठेव,” आणि तसाच सरांना बोलावून आणलं. माझा अंदाज असा, की सरच मशीन खराब आहे म्हणून पकडतील.

सर चष्मा वर करून स्क्रीनमध्ये वाकले. “पाच विषयांत बेचाळीस लाख?”

“सर, घरी बरोबर येतं.”

“मग सही पण घरूनच घे. बाकीच्यांचं बघून येतो, तोवर नीट कर. नंतर लॅब बंद.”

सर पुढच्या रांगेला गेले. आता मशीनला, असिस्टंटला, पार्टनरला, कोणालाही पकडून सही मिळणार नव्हती. मी पार्टनरकडे न बघता शून्य लिहिलं. चालवला. टोटल आली, ठाकुर्लीला आलेली तीच. मला आनंद व्हायच्या आधी डाउट आला, हा मला का सांगतोय?

“का सांगितलंस?”

“तू उठलास की माझा नंबर आहे,” तो बोलला. “दुपारी ठाण्याला क्लास आहे मला.”

हे मला पटलं. कोणी चांगुलपणाने बोलला असता तर नसतं पटलं.

सर आले, बघितलं, आणि आता डाउट त्यांना आला. “हे शून्य कुठून आलं?”

“असू दे सर, सेफ्टीला.”

“पूस सगळं. माझ्यासमोर परत लिही.”

पुसलं. परत लिहायला घेतलं आणि ह्या वेळी शून्य विसरायचं नाही एवढंच डोक्यात. पण टेन्शनमध्ये मी ते लिहिलं कुठे? लूपच्या आत. जिथे प्रोग्राम एकेक विषय घेऊन टोटलमध्ये टाकतो, तिथेच. चालवला. टोटल आली फक्त शेवटच्या विषयाची. बाकीचे चार विषय गायब.

पार्टनरने तोंड उघडलं, सरांनी बोटाने त्याला गप्प केलं.

मी स्क्रीनकडे बघत बसलो. आणि काय झालं माहीत नाही, मला आमच्या घरामागच्या चाळीतल्या खोल्या आठवल्या. भाडेकरू जातो तेव्हा फाटकी गादी, रिकामे डबे सोडून जातो. पपा नवीन माणसाला चावी द्यायच्या आधी खोली रिकामी करून घेतात, नाहीतर आधीच्याचा पसारा त्याच्या नावावर. मी ह्या टोटलची खोली रिकामी न करताच सामान टाकत होतो. आणि आता रिकामी करत होतो ती प्रत्येक नवीन सामान टाकायच्या आधी. बिचाऱ्याने पलंग आणला की कपाट फेक बाहेर, टेबल आणलं की पलंग फेक बाहेर.

मी ती ओळ उचलून लूपच्या वर ठेवली. चालवला. टोटल बरोबर.

“का वर घेतलीस?” सर बोलले.

मी जसं सुचलं तसं खोलीचं सांगितलं. गादीसकट. सर ऐकत होते. “आणि घरी कसं काय बरोबर यायचं?”

“तिकडची खोली नशिबाने रिकामी होती सर.”

सर पहिल्यांदा हसले. सही केली.

बाहेर आलो, पार्टनर त्याचं उरकून मागून आला. सॉरी बोलायला माझी जीभ वळेना, म्हणून बोललो, “चल, चहा पाजतो.”

“आधी तू पी,” तो बोलला. “मग मी बघतो.”

टपरीवरून घरी फोन लावला. “पपा, सही झाली.”

“कोनाला सांगून करून घेतली?”

“कोणाला नाय. मी केली, माझ्या डोक्याने.”

पपा बोलले, “मंग खोटी असंल. नीट बग, शिक्का हाय का?”

मी बघितलं. शिक्का नव्हता. चहा तसाच टाकून पळत लॅबमध्ये गेलो आणि सरांना विचारलं, “सर, ही सही चालेल ना?”

सरांनी माझ्याकडे बघितलं, खिशातलं पेन काढलं आणि त्या सहीच्या खाली अजून एक सही केली.