चादरीचा चौथा कोपरा

लखनौच्या महानगर नावाच्या भागात, कपूरथला बाजाराच्या मागच्या गल्लीत प्रफुल्ल राहतो. वय बावन्न, केंद्र सरकारच्या कचेरीत सेक्शन ऑफिसर, आणि गेले अकरा महिने स्वतःच्या घरात एका खाटेच्या वॉर्डाचा एकुलता एक वॉर्डबॉय. पेशंट म्हणजे त्याची आई, द्रौपदाबाई. वॉर्डाची मेट्रनही त्याच. सगळी अडचण इथेच आहे.

द्रौपदाबाई अमरावतीकडच्या. घराण्यात दहावीच्या पुढे शिकलेली पहिली मुलगी. नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीमागून लखनौला आल्या, चौतीस वर्षं नर्स होत्या, त्यातली शेवटची नऊ मेट्रन. त्यांच्या वॉर्डात मोठे डॉक्टरसुद्धा बूट न वाजवता चालत. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. जीभ मात्र एक दिवसही रजेवर गेली नाही.

प्रफुल्ल पाचला उठतो. उठतो म्हणजे पडलेला असतो तो बसता होतो, एवढंच. डायपर, स्पंज, पावडर, बीपी, गोळ्या, मुगाची खिचडी. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. तो कचेरीत असताना खालच्या मजल्यावरच्या मंडळींपैकी कुणी ना कुणी वर येऊन बसतं, आणि प्रफुल्ल तिकडे मीटिंगमध्ये डोळे उघडे ठेवून झोपतो. ही विद्या त्याला आता चांगली साधली आहे. परवा साहेबांनी विचारलं, "क्यों भई, क्या राय है?" तर हा दचकून म्हणाला, "बाईं करवट, सर."

बायको स्नेहल बँकेत. तिची बदली गोरखपूरला झालेली. शनिवारी रात्री येते, रविवारभर सासूचे केस धुते, नखं कापते, आठवड्याचं वाटण करून ठेवते आणि सोमवारी पहाटे बसमध्ये बसते. नवरा-बायकोचा संसार म्हणजे चार्ज देणं आणि चार्ज घेणं. त्यासाठी घरात एक वहीच आहे. किती वाजता पाणी, किती वाजता लघवी, बीपी किती. द्रौपदाबाईंचा नियमच आहे तसा. वहीत सही केल्याशिवाय ड्यूटी सोडायची नाही.

"मग आया का ठेवत नाही?" असं प्रत्येक पाहुणा विचारतो. ठेवल्या होत्या. पाच. पाचही गेल्या, आणि पाचही चादरीवरून गेल्या. इस्पितळातल्या चादरीचा कोपरा पाकिटासारखा घडी घालून गादीखाली घट्ट सारायचा असतो. द्रौपदाबाई डाव्या हाताने तो चाचपून पाहत आणि निकाल देत. "ये क्या है? बिस्तर है कि धोबी की गठरी?" पहिली रडली, दुसरी भांडली, तिसरी संध्याकाळी फोन बंद करून बसली. चौथी आणि पाचवी कधी गेल्या ते कळलंही नाही.

एवढं सगळं चाललं असतं, पण रुचिराचं पत्र आलं. रुचिरा प्रफुल्लची मुलगी, नागपूरला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. शनिवारी तिचा शपथविधी होता. हातात दिवा घेऊन शपथ घ्यायची, पालकांना बोलावणं. स्नेहलला बँकेच्या तपासणीमुळे रजा मिळेना. राहिला प्रफुल्ल.

"तू जा," द्रौपदाबाई म्हणाल्या. "मधे तुझ्यावर आमचं नर्सिंगचं खातं बुडालं. पोरगी नर्स होते आहे, तर बाप तिथं पाहिजे."

"तुला कुणाकडे सोडू?"

"आया पाह्य एखादी."

"आई, तू टिकू देशील तर ना!"

"काम येत असंल तर काहून नाही टिकणार?"

बुधवारी सहावी आली. रामकली, मलिहाबादकडची, पन्नाशीची, कमी बोलणारी. दोन दिवस प्रफुल्लने तिला गादीभोवती फिरवून कोपरे शिकवले. तीन कोपरे तिला झकास जमले. चौथा भिंतीकडचा. तिथे हात पोचत नाही आणि चादर दुपट्ट्यासारखी लोंबत राहते.

शुक्रवारी दुपारी गाडी. रामकलीने आईला कुशीवर घेतलं, चादर बदलली. प्रफुल्ल समोरच्या खुर्चीत बूट घालायला बसला. डावा बूट चढला. उजव्याची नाडी हातात होती आणि तो तसाच वाकलेल्या अवस्थेत झोपला.

द्रौपदाबाईंचा डावा हात सवयीने भिंतीकडे गेला. कोपरा लोंबत होता. रामकलीने ते पाहिलं आणि आपली पिशवी कुठे ठेवली आहे ते आठवू लागली.

द्रौपदाबाई मुलाकडे पाहत होत्या. डोळ्यांखाली काळं, गालफडं बसलेली, दाढी अर्धीच केलेली. चौतीस वर्षांत असे नातेवाईक त्यांनी वॉर्डाच्या बाकड्यावर शेकड्यांनी पाहिले होते. अशांना त्या पहिलं वाक्य बोलत, "घर जाइए, अब हम हैं." घरातल्या बाकड्याकडे अकरा महिने त्यांचं लक्षच गेलं नव्हतं.

त्यांनी हात मागे घेतला.

"दस मिनट सोने दो उसको," त्या रामकलीला हळूच म्हणाल्या. "और वो कॉपी दो."

प्रफुल्ल दचकून उठला तेव्हा वहीत डाव्या हाताची वेडीवाकडी सही होती आणि खाली रामकलीचा अंगठा. "चार्ज दिला-घेतला," द्रौपदाबाई म्हणाल्या. "निघ."

तो पाया पडायला वाकला आणि त्याची नजर भिंतीकडे गेली. चौथा कोपरा! बॅग खाली टाकून तो गादीवरून झेपावला. चादर हातात येते न येते तोच त्याच्या मनगटावर चापट बसली.

"दुसऱ्याच्या ड्यूटीत हात घालायचा नाही!"

"आई, पण तो लोंबतोय..."

"लोंबू दे. मी काही त्या कोपऱ्यावर झोपत नाही. पोरीले सांग, दिवा सरळ धर म्हणावं. अन् गाडीत झोप."

ऑटो निशातगंजच्या पुलापर्यंत पोचली नाही, तोच त्याने फोन लावला.

"हाँ भैया," रामकली म्हणाली. मागून काहीतरी खणखणीत ऐकू आलं. "अम्माजी कह रही हैं, ड्यूटी के बाद वार्ड में फोन नहीं करते."

फोन बंद झाला. चारबाग यायला अजून बराच वेळ होता. प्रफुल्लने बॅग मांडीवर घेतली, तिच्यावर डोकं टेकलं. स्टेशन आल्यावर ऑटोवाल्याला त्याला तीनदा हलवावं लागलं.