फर्मिन नुफाब्लेंच्या कादंबरीचे आठ हप्ते

कोन्सोर्सिया बाईंनी आणि मी एकाच शाळेत बावीस वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर मी कोंबड्या पाळल्या. बाईंनी वडिलांचं काम हाती घेतलं आणि डोक्याला ताप करून घेतला.

त्यांचे वडील फर्मिन नुफाब्ले म्हणजे आमच्या गावचे एकमेव लेखक. इलोइलो शहरातल्या एका साप्ताहिकात आमच्या हिलिगायनॉन भाषेत त्यांच्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्यानं यायच्या. शुक्रवारच्या बसनं अंक आला की बायका हातातलं काम टाकून धावायच्या. पण पुस्तक एकही निघालं नाही. वडील गेल्यावर आईनं निम्मे अंक सुके मासे बांधायला काढले, उरलेले वाळवीनं खाल्ले. बाईंच्या हाती वडिलांनी लिहिलेल्या शाळेच्या वह्या तेवढ्या आल्या. त्यांत एकाच कादंबरीचे, तीसपैकी पहिले बावीस हप्ते होते. मिठागरावर राबणाऱ्या सालुदची गोष्ट: नवरा बोटीवर गेलेला, पत्र नाही, आणि मिठागराचा मालक रोज दारात.

गेल्या वर्षी नगरपालिकेनं बाजाराच्या भिंतीवर नुफाब्लेंचं मोठं चित्र काढायचं ठरवलं. काम जुवेनालकडे होतं, तो आमचाच जुना विद्यार्थी. बाईंनी त्याला वडिलांचा फोटो दिला. महिन्याभरानं आम्ही बघायला गेलो, तर भिंतीवर कोट-टाय घातलेला एक गोरागोमटा माणूस टाइपरायटरसमोर बसलेला!

"हा कोण?" बाईंनी विचारलं.

"बाई, असं काय करता? तुमचे वडील."

"माझ्या बापानं जन्मात टाय बांधला नाही. आईच्या हातमागाशेजारी जमिनीवर बसून पेन्सिलनं लिहायचे ते. टाइपरायटर कुठून आणलास?"

"लेखक म्हटल्यावर टाइपरायटर नको? नाहीतर लोकांना वाटेल, कुणी कारकून आहे."

"आणि खालचा मजकूर इंग्रजीत का?"

"पाहुणे येतात ना, बाई. हिलिगायनॉन कोण वाचतं आता?"

"तुला वाचायला शिकवलं ती मी मूर्ख होते," बाई म्हणाल्या आणि तरातरा निघाल्या. नंतर तीन अर्ज दिले, दोनदा महापौरांच्या दारात बसल्या. टाय पुसला गेला. टाइपरायटर राहिला.

"जाऊ दे, मानांग," मी म्हटलं. त्या माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या, म्हणून मानांग, म्हणजे ताई.

"जाऊ दे, जाऊ दे! जाऊ देऊनच सगळं गेलं," त्या माझ्यावरच खेकसल्या.

मग त्यांनी पुस्तकाचा ध्यास घेतला. गहाळ आठ हप्ते कुठून आणायचे? साप्ताहिकाच्या जुन्या कचेरीत आता औषधांचं दुकान. ग्रंथालयात त्याच वर्षाची फाईल नाही. शेवटी कुणीतरी लोला इस्यांगचं नाव सांगितलं. लोला म्हणजे आजी; नव्वदीची म्हातारी, विणकरीण. तरुणपणी ती मागावर बसायची तेव्हा एक मुलगी सगळ्यांना हप्ता वाचून दाखवायची.

आम्ही नारळाच्या पानातला गोड भात घेऊन गेलो. लोलानं आधी भात खाल्ला, मग डोळे मिटून तेविसावा हप्ता सुरू केला. सालुद मालकाच्या तोंडावर मीठ फेकते, तिथपर्यंत संवादासकट! बाई भराभर लिहीत होत्या. सहा दिवसांत सहा हप्ते झाले.

सातव्या दिवशी लोला म्हणाली, "मग सालुद मालकाशी लग्न करायला तयार होते. पण मी ते होऊ दिलं नाही."

"म्हणजे?"

"तुझा बाप चुकला होता, इंदाय, पोरी. आम्ही बायका मागावर ठरवलं, ती तयार होत नाही. पुढं आम्ही तसंच सांगत आलो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "लोला, आधीच्या सहा हप्त्यांत आणखी काय काय बदललंत?"

"आता काय आठवतंय? जे चांगलं होतं, ते ठेवलं."

"आणि शेवटचा हप्ता?"

"तो ऐकलाच नाही. त्याच शुक्रवारी माझं लग्न होतं. तुझ्या बापाला दुसरा वार नाही मिळाला?"

रस्त्यात बाई रडल्या. दुःखानं नाही, संतापानं. "भिंतीवरचा बाप खोटा, वहीतला अर्धा, आणि म्हातारीनं सांगितलेला कुणाचा, देव जाणे!"

पण त्या थांबल्या नाहीत. पुस्तक काढलं, आमच्याच भाषेत, दोनशे प्रती. वडिलांचे बावीस हप्ते आधी. मग लोलाचे सात, 'इसिद्रा मोंतेक्लारो यांनी सांगितल्याप्रमाणे' असं तिच्या पूर्ण नावानं स्पष्ट लिहून. सालुदच्या होकाराबद्दल तळटीप. खाली एक ओळ: तिसावा हप्ता सापडलेला नाही. जुवेनाल म्हणाला, "बाई, शेवट तुम्हीच लिहून टाका की, कुणाला कळणार आहे?" त्याला त्यांनी पायरीवरूनच परत पाठवलं.

परवा बाजारात मासेवालीनं बाईंना हटकलं. "काय हो, सालुदचा नवरा परत येतो की नाही? अर्धवट पुस्तक कशाला छापलंत?"

"मला माहीत नाही."

"तुमचेच वडील ना? तुम्हाला नाही माहीत?"

शेजारचा टोपलीवाला म्हणाला, "येतो. माझी आई सांगायची."

"कसा येतो? नीट आठव!" बाईंनी पिशवी तिथंच टेकवली आणि वही काढली.

त्याला पुढचं काही आठवेना. बाईंनी त्याला पाच मिनिटं झापलं, त्याच्या आईचं गाव विचारून घेतलं, आणि मासे न घेताच घरी आल्या.