बर्फ वितळेपर्यंत निवडणूक नाही

आमच्या मंडळात मतदान झाल्याशिवाय चहासुद्धा उकळत नाही. खोटं वाटेल, पण इथे परदेशात, मिल्टनच्या आमच्या बेसमेंटमध्ये समोसे गरम करायचे की तसेच खायचे, यावर मी हात वर करून मत दिलेलं आहे आणि सात विरुद्ध पाच अशी हरलेलीही आहे. सेक्रेटरींनी ते मिनिट्समध्ये लिहून ठेवलंय. आम्ही सगळी नोकरदार माणसं. कोणी बँकेत, कोणी आयटीत, मी इन्शुरन्सचे क्लेम बघते. पण एप्रिलमधली जयंती जवळ आली की आमच्या अंगात संविधान संचारतं. आईबापांनी आम्हाला दुसरं काही दिलं न दिलं, आपलं मत विचारलंच पाहिजे हा हट्ट मात्र पुरेपूर दिला.

तर २०१७ च्या जानेवारीत ठरलं की यंदा जयंतीला एकांकिका करायची आणि ती मी लिहायची. माझ्या लेकीला तेव्हा दहावीत, इंग्रजीच्या तासाला, ‘डिस्टोपिया’ शिकवत होते. म्हणजे भविष्यातली बिघडलेली राज्यं, आणि गोष्टीच्या आडून आजच्या सत्तेला काढलेले चिमटे. रोज जेवताना ती एकेका भयंकर राज्याची हकीकत सांगायची, तीही इंग्रजीत, आणि मी पोळी हातात धरून ऐकत बसायची. मग एका सकाळी मी तासभर खपून फावड्याने ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसला, आणि नगरपालिकेचा ट्रक आला तो रस्त्यावरचा सगळा बर्फ माझ्याच दारात ढकलून निघून गेला. मी आधी शिव्या घातल्या आणि मग तिथेच, थंडीत, हसत सुटले. नाटक सापडलं होतं.

एक देश. तिथला कायदा म्हणतो, बर्फ वितळला की निवडणूक. म्हणून तिथला अध्यक्ष बर्फ वितळूच देत नाही. नागरिकांनी रोज पहाटे उठायचं आणि अंगणातला बर्फ उचलून पुन्हा रस्त्यावर टाकायचा. सूर्य देशद्रोही. ‘वसंत’ हा शब्द तोंडातून निघाला तर हातमोजे जप्त. लिहिता लिहिता मी एकटीच खिदळायची. नवरा किचनमधून विचारायचा, ‘‘बरी आहेस ना गं?’’

पहिल्या वाचनाला बारा जण जमले. त्यात रिचमंड हिलहून आलेले एक काका होते. नागपूरचे, मुलाकडे सहा महिने राहायला आलेले. तरुणपणी त्यांनी वस्त्यावस्त्यांत नाटकं केली होती. मग बँकेत लागले आणि पस्तीस वर्षं तोंडाला रंग लागला नाही. वाचन संपल्यावर ते उभे राहिले.

‘‘ताई, हे अध्यक्षाचं काम मले करू द्याल का? एप्रिलच्या शेवटी माझं परतीचं तिकीट आहे. मंग कुठलं स्टेज अन् कुठलं काय.’’

इतकं सरळ मागायला छाती लागते. त्याच क्षणी मत घेतलं असतं तर बाराच्या बारा हात वर गेले असते. मला ते दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणूनच मी म्हणाले, ‘‘पुढच्या रविवारी रीतसर घेऊ ना मतदान. तोवर अध्यक्षाचं मी वाचते.’’

माझ्या मनात पाप नव्हतं हो. बरं, थोडंसं होतं.

पुढच्या रविवारी फ्रीझिंग रेन, पडताक्षणी गोठणारा पाऊस. पाचच जण आले, कोरम नाही. त्याच्या पुढच्या रविवारी सेक्रेटरींना ताप. मग मिनिट्स कोण लिहिणार? त्याच्याही पुढच्या रविवारी मी म्हटलं, आता मध्येच माणूस बदलला तर लय तुटेल. आणि आश्चर्य म्हणजे सगळ्यांनी माना डोलावल्या. समोशावर मत मागणारे हे लोक, पण ‘लेखिका आहेत, त्यांना कळतं’ म्हणून गप्प बसले. आमच्यासारख्यांनी तरी करू नये अशी चूक.

आणि मला काय मजा यायला लागली म्हणून सांगू. बेसमेंटमधला रिक्लायनर हे सिंहासन. डोक्याला ॲल्युमिनियम फॉइलचा मुकुट. उशिरा येणाऱ्याने जिन्यातच उभं राहायचं, फोन राइस कुकरच्या भांड्यात जमा करायचे, मध्ये बोलायचं नाही. मी स्वतःला तीन पानांचं स्वगत लिहून घेतलं आणि त्याला जागा व्हावी म्हणून इतरांची वाक्यं कापली. एका नागरिकाचं वाक्य तर केवळ यासाठी उडवलं, की त्यावर माझ्यापेक्षा जास्त हशा आला होता. काकांना फावडं दिलं. नागरिक क्रमांक चार, वाक्य एक: ‘‘साहेब, निवडणूक कधी?’’

‘‘चालते जी, फावडं बी चालते,’’ काका म्हणाले. मी लगेच विश्वास ठेवला, कारण तो सोयीचा होता.

दर रविवारी मुलगा त्यांना तासभर ड्राइव्ह करून सोडायचा. सगळ्यांच्या आधी येऊन ते खुर्च्या मांडायचे. नागरिकांत लेकही होती. ती एकदा कारमध्ये म्हणाली, ‘‘मॉम, यू आर लिटरली द प्ले.’’ मी म्हटलं, लाइन्स पाठ कर आपल्या.

जयंतीच्या दिवशी बाहेर बर्फ पडत होता, एप्रिल असून. हॉल खच्चून भरलेला. संविधानाच्या प्रास्ताविकेचं वाचन झालं, भाषणं झाली आणि आमचा पडदा उघडला. स्टेजभर बर्फ, म्हणजे महिनाभर साठवून फाडलेले ग्रोसरीच्या जाहिरातींचे कागद. सिंहासन म्हणून ऑफिसातली चाकांची खुर्ची, तीत मी. पहिल्या वाक्यापासून लोक हसू लागले आणि माझ्या डोक्यात अशी हवा गेली की विचारू नका. मग काका पुढे आले.

‘‘साहेब, निवडणूक कधी?’’

‘‘बर्फ वितळल्यावर.’’

इथे त्यांनी वाकून मागे जायचं होतं. ते गेले नाहीत. त्यांनी फावडं खाली ठेवलं आणि प्रेक्षकांकडे वळले. ‘‘मी सभागृहाले विचारतो. निवडणूक आत्ता घ्यायची का? हात वर करा.’’

आमच्या लोकांना झोपेत जरी ‘हात वर करा’ म्हटलं तरी हात वर जातो. सगळा हॉल वर. पहिल्या रांगेत माझा नवरा, वर. माझ्या रक्षणाला नेमलेले दोन शिपाई, वर. लेकीच्या एका हातात फावडं आणि दुसरा हात सरळ छताकडे. विंगेतले सेक्रेटरी सवयीने बोटाने मोजू लागले.

‘‘विरोधात?’’ काकांनी विचारलं.

मी एक तरी हात शोधत होते. एकही नव्हता. हसूही येत होतं आणि लाजेने कानही तापले होते. उठले, मुकुट त्यांच्या हातात दिला आणि फावडं घेऊन क्रमांक चारच्या जागी जाऊन उभी राहिले.

काका बसले आणि स्वगताला सुरुवात केली. तिन्ही पानं, एक शब्द इकडेतिकडे नाही. मी शंभरदा म्हटलेली वाक्यं, पण आता कळलं की ती मी नुसती ओरडत होते. मध्येच ते थांबले, एका नागरिकाकडे बोट केलं, ‘‘तुझं काहीतरी म्हणणं होतं ना?’’ आणि तिने मी कापलेलं वाक्य म्हटलं. मग दुसऱ्याला विचारलं, मग तिसऱ्याला. सगळ्यांना आपापली वाक्यं आठवत होती, आणि काकांना सगळ्यांची. हशा थांबत नव्हता. मीही पोट धरून हसत होते, आणि डोळे पुसत होते.

शेवटी माझी पाळी. ‘‘साहेब, निवडणूक कधी?’’

काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. हॉलभर नजर फिरवली, अगदी सावकाश, मागच्या रांगेपर्यंत. त्या खुर्चीतून काय दिसतं ते मला माहीत होतं.

‘‘बर्फ वितळल्यावर,’’ ते म्हणाले आणि हॉल हशाने दणाणून गेला.

माझ्या संहितेत इथे पडदा. विंगेत सेक्रेटरी दोरी धरून माझ्या खुणेची वाट बघत होते. मी मान हलवून नको म्हटलं. बसू दे त्यांना अजून थोडा वेळ.