कोपऱ्यातली तिरपी ओळ

देवानं माणसाला मान दिली ती कलती करण्यासाठीच, असं ठामपणे मानणारा अख्ख्या अकोला जिल्ह्यात एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्याच छापखान्यात खिळे जुळवणारा कंपोझिटर होता. आमचा भाग तेव्हा अकोल्यातच मोडायचा. वाशीम जिल्हा व्हायला अजून बराच अवकाश होता. मंगरुळात बाजारओळीत माझं एक पायानं चालवायचं मशीन आणि शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे सुट्या अक्षरांच्या, चार खणपेट्या, ज्यांना आम्ही केसा म्हणायचो, एवढाच तो छापखाना. हे कंपोझिटर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणायचो आणि ते मला बापू म्हणायचे. टोपी कललेली, स्टूल कललेलं, चहाची बशीसुद्धा कललेली. मी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करून जेवायला गेलो की परत येईस्तोवर ते पुन्हा कललेलं असायचं. विचारलं तर म्हणायचे, "सरळ ओळीत सरकार बोलते, बापू. माया करणारं माणूस बोलते तवा त्याची मान कलते. मंग त्याची ओळ सरळ काहून छापाची?"

आता हे तत्त्वज्ञान त्यांनी घरी ठेवलं असतं तर माझी काही हरकत नव्हती. पण लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात घरातल्या लहान लेकराच्या नावानं एक ओळ छापायची आपल्याकडे रीत आहे: "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!" दुसऱ्या छापखान्यात ही ओळ मुकाट्यानं आडवी बसायची, आमच्याकडे ती तिरपी चढायची. शिशाचे खिळे जन्माचे चौकोनी, त्यांना तिरपं उभं करायचं म्हणजे काय खेळ आहे? भाऊ बाभळीच्या लाकडाच्या इवल्या इवल्या पाचरा तासायचे, त्या ओळीच्या दोन्ही अंगांना ठोकायचे, फटींत भिजवलेल्या कागदाचा लगदा भरायचे आणि तो वाळायची वाट बघत बसायचे. एका ओळीपायी अर्धा दिवस! तेवढ्यात मी दोन पत्रिका हातावेगळ्या केल्या असत्या. पण शेलूबाजारचे जैन व्यापारी ती तिरपी ओळ पाहून खूष व्हायचे, आणि गिऱ्हाईक खूष असलं की मालकाला तोंड उघडता येत नाही.

बरं, तिरपी म्हणजे कशीही तिरपी नाही. ज्या लेकराच्या नावानं ओळ, त्याच लेकराला छापखान्यात हजर करायचं, असा भाऊंचा नियम होता. लेकरू समोर उभं राहायचं, ती ओळ म्हणायचं, आणि बोलताना त्याची मान जितकी कलेल तितकं माप भाऊ शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकानं घ्यायचे. धनजचं एक पोरगं एसटीत बसून आलं ते झेंडावंदनाला आल्यासारखं ताठ. चार वेळा ओळ म्हणवून घेतली, मान हलायला तयार नाही. सोबत आलेले त्याचे आजोबा म्हणाले, "घ्या ना अंदाजानं." भाऊंनी कानाला हात लावला, "खोटं छापू काय?" मग त्यांनी स्वतःच्या शिदोरीतला गुळाचा खडा दाखवून पाठीमागं लपवला. पोराची मान आपसूक कलली. भाऊ ओरडले, "हालू नको रे बाप्पा!" आणि माप घेतलं. कोणाचं लेकरू येऊ शकलं नाही तर ते आपल्या एकुलत्या एका मुलीला, शोभीला, उभं करायचे. निम्म्या तालुक्याच्या पत्रिकांवर त्या पोरीचीच मान आहे. "माह्या लग्नाच्या पत्रिकेत अशीच ओळ करजा हं, बाबा," असं तिनं सातव्या वर्षी बजावलं होतं, आणि बाबांनी डोक्यावर हात ठेवून कबूल केलं होतं.

मग ते मेडशीचं प्रकरण झालं. एवढ्या मेहनतीची ओळ मोडवत नाही म्हणून भाऊ पुढच्या लेकराचं माप येईपर्यंत ती पाचरांसकट चौकटीत तशीच राहू द्यायचे आणि भोवतीचा मजकूर बदलायचे. एक दिवस मेडशीच्या एका म्हाताऱ्या आजोबांच्या तेरवीचं कार्ड घाईनं छापायला आलं. मीही प्रूफ नीट पाहिलं नाही, माझीही चूक आहेच. गठ्ठा गेला, आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा लालबुंद होऊन दारात उभा. वर काळ्या चौकटीत "कैलासवासी झाले," आणि खाली कोपऱ्यात तिरपं, "आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं!" तो म्हणाला, "माह्या बापाचं लगन लावून राह्यले काय तुमी?" मी त्याचे पाय धरले, कार्डं पुन्हा छापून दिली. संतापानं माझ्या अंगाची लाही झाली होती. त्याच दिवशी सांगून टाकलं, या छापखान्यात इथून पुढं एकही ओळ तिरपी होणार नाही. भाऊंनी पाचरा तंबाखूच्या डबीत भरल्या आणि डबी फळीवर ठेवली.

दीड वर्षानं शोभीचं लग्न ठरलं. भाऊ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "बापू, एक डाव. पोरीले शब्द देल्ला हाय." मी तोवर धुमसतच होतो. म्हटलं, "छापखाना बंद पाडता काय माझा? आणि ओळ कोणाच्या नावानं टाकता? तुमच्या नात्यातल्या साऱ्या पोरांना मिशा फुटल्या." हे बोलायला नको होतं. ते केसेकडे वळले. संध्याकाळी त्यांनी प्रूफ आणून दिलं. काना-मात्रेची चूक नाही, सगळ्या ओळी सरळ, आणि खालचा डावा कोपरा कोरा! तिथं त्यांनी काहीच बसवलं नव्हतं, आणि उरलेला मजकूर सरकवून जागा भरूनही काढली नव्हती. मी तो कोरा कोपरा बघत राहिलो आणि मला माझीच लाज वाटली.

फळीवरची डबी मी स्वतः काढली. म्हटलं, "भाऊ, उभे राहा समोर. तुमच्याच नावानं टाकू. म्हणा." ते लाजले, टोपी काढून हातात घेतली. "आमच्या शोभीच्या..." इथपर्यंत आले आणि अडले. पुन्हा म्हणाले, पुन्हा तिथंच अडले. पन्नाशी उलटलेला तो माणूस लेकरासारखी मान कलती करून माझ्यासमोर उभा होता. माप मी घेतलं, पाचराही मीच तासल्या, वेड्यावाकड्या झाल्या. पत्रिकेत वर निमंत्रक म्हणून भाऊंच्या थोरल्या भावाचं नाव गेलं आणि कोपऱ्यात गेलं, "आमच्या शोभीच्या लग्नाला यायचं हं! – बाबा." व्याही पत्रिका वाचून भाऊंना म्हणाले, "हे लेकरू मोठंच दिसते!" लग्नात शोभी ती पत्रिका हातातून सोडत नव्हती.

भाऊ जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. डबी माझ्याकडे आहे, फक्त शोभीच्या पत्रिकेच्या त्या दोन पाचरा तीत नाहीत. त्या तिनं सासरी नेल्या. परवा नातीच्या लग्नाची पत्रिका करायला वाशीमला कॉम्प्युटरवाल्या पोरीकडे गेलो होतो. कोपऱ्यातली ओळ तिनं माऊसनं नुसती टोकाला धरली आणि गरगर फिरवली. ना पाचर, ना लगदा! "आजोबा, किती तिरपी ठेवू?" तिनं विचारलं. मी ओळ मोठ्यानं म्हणून पाहिली. ती माझ्याकडे बघायला लागली.

"मान अवघडली का, आजोबा?"

"नाही बेटा," मी म्हटलं. "एवढीच ठेव."