चौथ्या कमानीची चाबी

पुराच्या पाण्यासोबत आलेला काडीकचरा पुलाच्या खांबाला अडकून बसतो ना, तसे हे किस्से माझ्यापाशी अडकून बसलेत. एक काढायला गेलो की मागून चार येतात! बायको म्हणते, "पुरे झाला तुमचा पूल." पण चहा पाजून ऐकणारे भेटले, की मी काही थांबत नाही.

तर मंडळी, गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता तेव्हाची गोष्ट. मी, रामटेके ओव्हरसिअर, सिंदेवाहीकडच्या एका दगडी पुलावर नेमलेला. पाच कमानी, काळा दगड, सिमेंटचा कण नाही. चौथ्या कमानीचा मधला दगड खाली सरकला होता आणि चंद्रपूरहून हुकूम सुटला होता : पूल पाडा, त्या जागी सिमेंटचे पाइप टाका!

आमचा करीम मिस्त्री ऐकेना. त्याच्या आज्यानं आणि बापानं याच पुलाची डागडुजी केलेली. मला म्हणाला, "पाडाच्या पहिले मले एक डाव सुधरू द्या साहेब. नाई जमलं त पाडाले पहिली सब्बल मीच मारतो!" मलाही राहवेना. वरच्यांशी भांडून पावसाळ्यापर्यंतची मुदत मागून घेतली.

०००

दुरुस्तीचा कागद करायला बसलो, तर पहिलाच रकाना : बांधकामाचे वर्ष. आली का पंचाईत!

शाळेचे गुरुजी म्हणाले, पूल इंग्रजांचा. पोलीस पाटील म्हणाले, गोंडराजाचा. दोघांची पानठेल्यावर अशी जुंपली की माझं पान तोंडातच राहिलं. शेवटी नदीकाठी बकऱ्या राखणारा एक म्हातारा म्हणाला, "माह्या पणज्यानं दगड वाह्यले जी इथी!"

मी खूश! वही काढली. "मग बाबा, तेव्हा राजा कोणता होता?"

"राजा कोनं पाह्यला जी? पण कामावरचा मुकरदम मोठा खवीस होता म्हणते!"

रकान्यात मी "फार जुने" लिहून मोकळा झालो.

०००

करीम मिस्त्रीचा चुना म्हणजे साधं काम नाही. त्यात बेलफळाचं पाणी, गूळ आणि वाटलेली उडदाची डाळ. मी तशी मागणी पाठवली, तर स्टोअरचे बोरकर बाबू सायकल हाणत साइटवर हजर!

"रामटेके, पूल बांधता का वडे तळता?"

मिस्त्रीनं त्यांच्या हातात हातोडी दिली आणि पहिल्या कमानीतला जुना सांधा दाखवला. "बाबू, हा माह्या आज्याच्या हातचा वडा हाय. तोडून दाखवा!"

बाबू हट्टाला पेटले. चार घाव घातले. पाचव्याला हातोडीचा दांडाच मोडला! दुसऱ्या दिवशी मागितले त्याच्या दुप्पट उडीद आले.

०००

कमानीच्या माथ्यावर मधोमध जो दगड बसतो, त्याच्यावर सगळी कमान अडकलेली असते. मिस्त्री लोक त्याला चाबी म्हणतात. मीही भोळेपणानं अहवालात लिहिलं, "चौथ्या कमानीची चावी दोन बोटं सरकली आहे."

पंधरा दिवसांनी चंद्रपूरहून लखोटा आला. हेडक्लार्कनं विचारलं होतं, सदर चावी कोणाच्या ताब्यात होती? डुप्लिकेट आहे काय? नसल्यास कुलूप तोडण्यापूर्वी पंचनामा करावा!

मी कपाळावर हात मारला. मिस्त्रीला वाचून दाखवलं. तो पोट धरून हसला, डोळे पुसले, मग गंभीर होऊन म्हणाला, "लिहा साहेब, चाबी माह्यापाशी हाय."

मी तसंच लिहिलं. पुन्हा कोणी विचारलं नाही.

०००

खरी गंमत मोठ्या साहेबांची. माणूस चांगला, पण पुण्याहून नवीनच बदलून आलेला. पाहणीला आले आणि डायरी काढून मिस्त्रीला एकेक विचारू लागले.

"चुना मळला का?"

"मळून राह्यलो साहेब."

"दगड घासले का?"

"घासून राह्यलो ना!"

साहेब मान हलवत लिहीत गेले. आठ दिवसांत मला नोटीस! चुना मळायचा राहिला, दगड घासायचे राहिले, सर्व कामे राहिली आहेत. सबब पूल का पाडू नये?

पहिली बस पकडून चंद्रपूर गाठलं. साहेबांना समजावतोय की आमच्याकडे 'करून राह्यलो' म्हणजे करतोय, करायचं राहिलं नव्हे. पण त्यांना पटेना. तेवढ्यात त्यांनी चपराशाला हाक मारली, "अरे, पाणी आणलंस का?"

"आणून राह्यलो ना साहेब!" म्हणत तो भरलेला ग्लास घेऊन दारातून आत आला.

साहेबांनी ग्लासाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नोटीस फाडली. पण बजावलं, "माझ्यासमोर दगडांनी भरलेले दोन ट्रक चौथ्या कमानीवर उभे करायचे. कमान खाली बसली, तर पूल पाडणार!"

०००

तो दिवस उजाडला. अख्खं गाव काठावर. कमान किती खाली बसते ते मोजायला कमानीखाली घड्याळासारखी सुई लावलेली, ट्रक तयार, साहेब तयार. आणि करीम मिस्त्रीचा पत्ता नाही!

"पळाला की काय?" साहेब म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात खालून आवाज आला, "येऊ द्या ट्रक!"

वाकून पाहतो तर काय, कोरड्या नदीत, बरोब्बर चौथ्या कमानीखाली चटई टाकून मिस्त्री बसलेला. शेजारी त्याची बायको, आमची चाची, डबा उघडत होती!

"मिस्त्री, बाहेर या आधी!" साहेब ओरडले.

"पहिले ट्रक, मंग मी!"

पहिला ट्रक आला. दुसरा त्याच्या मागे येऊन थांबला. मी दुर्बिणीतून सुईकडे पाहत होतो. ती केसभर हलली आणि थांबली. ट्रक उतरले, तशी सुई परत जागेवर! काठावर शिट्ट्या, आरोळ्या, माझ्या डोळ्यांत पाणी. साहेबांनी तिथल्या तिथे पाडायचा हुकूम रद्द केला आणि स्वतः नदीत उतरून मिस्त्रीला मिठी मारली.

मग चाचीकडे वळले. "बाई, यांचं मी समजू शकतो, काम यांच्या हातचं आहे. पण तुम्हाला इथे बसायला भीती नाही वाटली?"

चाचीनं डब्याचं झाकण लावलं.

"भेव कायचं साहेब? यानंच बांधलेल्या घरात वीस वर्षं काढली मी. तिथी पावसाळाभर चार कोपऱ्यांत घमेले ठेवा लागते. हे छत त लय बरं हाय!"