स्वारगेटपर्यंत आलेले सोडे

माझ्या बायकोने लग्नानंतर मासे स्वतःहून सोडले, असं मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, ऑफिसात, पुढे मुलीला आणि जावयालाही. सांगताना आवाजात कौतुक असायचं. "बंदरावर जन्मलेली मुलगी, पण आमच्या घरात आली आणि एका दिवसात बंद!" लोक तिच्याकडे आदराने बघायचे. थोडा आदर माझ्याही वाट्याला यायचा. ही गोष्ट खोटी होती, आणि ती मीच नीट लिहून ठेवायला हवी.

ती रत्नागिरीकडची. वडिलांची स्वतःची होडी, घर बंदराला लागून. नर्सिंग शिकायला पुण्यात आली, आमची ओळख झाली, लग्न झालं. आमच्या घरी अंडंसुद्धा येत नसे. पेठेतल्या दोन खोल्या. आई, मी आणि ती. पहिल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी सासऱ्यांनी सोडे पाठवले. सोडे म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली कोळंबी. आपण लेकीला कुरडया-पापड पाठवतो, तसे त्यांच्याकडे सोडे. आधी पोस्टकार्ड टाकायचं, मग पुडकं एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचं, आणि पुण्यातल्या माणसाने स्वारगेटला जाऊन ते उतरवून घ्यायचं.

पुडकं घरात आलं आणि आई दोन दिवस जेवली नाही. भांडली नाही, बोलली नाही, फक्त जेवली नाही. तिसऱ्या दिवशी बायकोने पुडकं उचललं आणि हॉस्पिटलातल्या एका मैत्रिणीला देऊन आली.

मला तो प्रकार पुन्हा नको होता. मी सासऱ्यांना लिहिलं, की घरच्या पत्त्यावर टपाल गहाळ होतं, यापुढे कार्ड माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाका. त्यांनी तसंच केलं. दुसऱ्या वर्षी मी ऑफिस सुटल्यावर स्वारगेटला गेलो, पुडकं घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या पहारेकऱ्याला देऊन टाकलं. सासऱ्यांना दोन ओळी लिहिल्या, पोहोचलं, आभारी आहे. महिनाभराने बायकोने विचारलं, "बाबांचं काही आलं नाही या वर्षी?"

"नाही बुवा," मी म्हणालो.

तिसऱ्या वर्षी तेच केलं. त्या वर्षी तिने विचारलंही नाही. माहेरी जायचा विषय निघाला, की मी रजा शिल्लक नाही म्हणायचो; ती गेली असती तर पहिल्या चहालाच सगळं बाहेर आलं असतं. चौथ्या वर्षी सासरे गेले. मरणाच्या घरी सोड्यांची विचारपूस कोण करतं? विषय मिटला असं मी धरून चाललो.

आई जाऊनही आता बारा वर्षं झाली, तरी आमच्या घरात मासा आला नाही. मी एकदोनदा सुचवून बघितलं. "सवय गेली आता," एवढंच ती म्हणायची.

आता आम्ही वारज्यात राहतो, तिथून धरण जवळ. निवृत्तीनंतर आम्ही सकाळी गाडी काढून पाण्याकडे फिरायला जायला लागलो. मागच्या वर्षी तिथे एक गृहस्थ गळ टाकून बसले होते. ती पाच मिनिटं बघत उभी राहिली आणि मग तिच्याने राहवेना. "अहो दादा, मासा लागलाय आणि तुम्ही मोबाइल बघताय!" म्हणत तिने त्यांच्या हातातली काठी घेतली आणि मासा काढून दिला. हे ऐकून खराडीला असणाऱ्या आमच्या मुलीने घडी होणाऱ्या काठीचे दोन गळ मागवून पाठवले. तेव्हापासून आमचा बुधवार ठरलेला. धरणाच्या मागच्या अंगाला, गावातल्या मच्छीमारांच्या पाचसहा होड्या काठाला लागतात, तिथे त्यांच्या परवानगीने आम्ही बसतो. एक पालथी घातलेली होडी, वाळत घातलेली जाळी, बाभळी, चिखल. ती त्याला 'पुण्याचं बंदर' म्हणते.

कामं वाटलेली आहेत. मी घरून कणकेत शेंगदाण्याची पेंड आणि चिमूटभर हिंग मळून नेतो आणि त्याच्या गोळ्या गळाला लावतो. ती तिथेच काठाला उकरून गांडुळं काढते.

"तुमच्या गळाला शाकाहारी मासे लागणार," ती म्हणते.

ते फारसे लागत नाहीत. तिच्या गळाला मात्र दर वेळी दोन-चार लागतात, आणि निघताना ती ते सगळे होडीवाल्याला देऊन टाकते. मी मासे खात नाही आणि लागलेल्या माशाला हातही लावत नाही. गळातून काढायचं काम तिचंच.

मागच्या बुधवारी ऊन चांगलं पडलं होतं, वारा नव्हता. थर्मासातला चहा झाला होता. दहाच्या सुमाराला तिच्या गळाला किलोभराचा चिलापी लागला. होडीवाला जाळं दुरुस्त करत बसला होता, तो उठून आला.

"काकू, आज तरी घरी न्या की. केवढा हाय बघा!"

"तुमच्या पोरांना घाला."

"पोरं वैतागल्यात चिलापी खाऊन. म्हणत्यात, बा, पनीर आण."

ती खूप हसली, पण मासा त्याच्याच टोपलीत टाकला. तो गेल्यावर मी सहज म्हणालो, "खरंच, न्यायला काय हरकत आहे? आई आता कुठे आहे?"

"आईंसाठी नव्हतं हो ते," ती गळाला गांडूळ लावता लावता म्हणाली.

"मग?"

"मैत्रिणीकडे जाऊन खात होते मी. पहिलं वर्षभर. आईंना पत्ता नव्हता, आणि तुम्हाला तर कशाचाच पत्ता नसतो."

हे मला नवीन होतं. तिने गळ टाकला आणि पाण्याकडे बघत पुढचं सांगितलं. "मग बाबांचं पुडकं यायचं बंद झालं. मला वाटलं, पहिलं पुडकं मी देऊन टाकलं ते त्यांना कुणाकडून तरी कळलं. स्वतः सोलून, वाळवून पाठवलेले सोडे लेकीने वाटून टाकले. रागावणारच ना माणूस? विचारायचं तोंड नव्हतं मला, पत्रही टाकलं नाही मग. मनाशी ठरवलं, बाबा परत पाठवतील तेव्हाच तोंडात घालीन. तर ते गेलेच."

तिने हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, घरातली एखादी जुनी गोष्ट सांगावी तसं. माझे हात कणकेने बरबटलेले होते. मी ते पुसत राहिलो. अजूनही गप्प बसता आलं असतं. तिला काहीच कळलं नसतं, आणि वडील आपल्यावर रागावून गेले हे मनात ठेवूनच ती पुढची वर्षं काढणार होती.

"पाठवले होते," मी म्हणालो.

"काय?"

"बाबांनी सोडे पाठवले होते. दोन्ही वर्षी. मी स्वारगेटवरून घेतले आणि पहारेकऱ्याला दिले. कार्डं ऑफिसात यायची. मीच तसं लिहिलं होतं त्यांना."

ती माझ्याकडे वळली नाही. गळाकडे बघतच तिने विचारलं, "कार्डावर काय असायचं?"

"पहिल्यात गाडीची वेळ, आणि तुझी खुशाली विचारलेली. दुसऱ्यात होतं, 'यंदा माल चांगला आहे. तिला आवडतात तसे जाड निवडले आहेत.'"

"आणि हे तुम्हाला इतकी वर्षं पाठ आहे."

"हो."

तिने पदराने डोळे पुसले. मग एकदम म्हणाली, "म्हणजे रागावले नव्हते." हे ती मला सांगत नव्हती. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने हात वर केला. "ते नको आत्ता. फार वाईट केलंत तुम्ही. माझ्या भावाला फोन लावा. तुमच्या तोंडाने सांगा त्याला. स्पीकरवर."

तिचा धाकटा भाऊ आता वडिलांची होडी चालवतो. त्याने फोन उचलला, मागे कसलंतरी इंजीन धडधडत होतं. मी सगळं सांगितलं. मधे दोनदा अडखळलो, तेव्हा बायकोने "पुढे" म्हटलं. तिकडचं इंजीन बंद झालं.

"भावोजी," तो म्हणाला, "बाबांना वाटायचं ताई पुण्याची झाली. पोचल्याचं पत्र यायचं, पण तुमच्या हातचं. तिचं अक्षर काही येईना. तरी सोडे निवडायला स्वतः बसायचे, आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत." मग म्हणाला, "मी तुम्हाला काय बोलू आता? ताईला द्या."

तिने स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावून पालथ्या होडीवर जाऊन बसली. त्या दोघांचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. एकदा ती रडली, एकदा मोठ्याने हसली. मी दोन्ही गळांच्या मधे बसून होतो.

आणि तिचा गळ वाकला. मी हाक मारली. तिने फोन न सोडता हातानेच खुणावलं, धरा. मी धरला. ओढायला लागलो तर तिने जोराजोरात हात हलवला, ढील द्या. दिली. मग ओढा. मग थांबा. होडीवाला जाळं बाजूला ठेवून तमाशा बघत होता. "काका, पाण्यात पडाल," त्याने तेवढी मदत केली. चिलापी काठावर आला. तिच्या सकाळच्या माशाच्या निम्मासुद्धा नव्हता.

"थांब रे जरा," ती फोनवर म्हणाली, "ह्यांना मासा गळातून काढायचाय." मग मला, "काढा. कल्ल्यांच्या मागे घट्ट धरा. मी येत नाही."

मी धरला. तो थंड होता, आणि मला वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त ताकदीचा. पंखाचा काटा माझ्या तळव्यात शिरला. तिसऱ्या खेपेला गळ सुटला. मी टोपलीकडे वळलो.

"त्याच्या टोपलीत नको," ती म्हणाली. "पिशवीत घाला. घरी न्यायचाय."

परतीच्या वाटेवर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. रविवारी मुलगी येणार आहे, तिला मलाच सांगायचंय, हे न बोलता ठरल्यासारखं होतं. वारज्यात शिरल्यावर वाण्याच्या दुकानासमोर तिने काचेवर टकटक केलं.

"गाडी थांबवा. नारळ घ्या एक. आणि आमसुलं. घरातली वरणाची आहेत ती नाही चालायची, ओली बघून घ्या."

मी उतरलो.